या, बसू नका

मराठी घरात पाहुणा दारात आला की दोन शब्द जोडीनेच बाहेर पडतात : "या, बसा." आमचे भाऊजी यातला पहिला म्हणतात आणि थांबतात. कोपनहेगनच्या विमानतळावरून दोन बॅगा, लोणच्याची एक बरणी आणि गुडघेदुखीवाली आई एवढा लवाजमा घेऊन मी त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरलो, तेव्हा ते तोंडभर हसून म्हणाले, "या, या!" आई पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली. तो काही आला नाही.

खुर्च्यांचा तुटवडा म्हणावा, तर तसंही नव्हतं. खिडकीपाशी चार, भिंतीला टेकून सहा, पुस्तकांच्या कपाटावर एक, आणि न्हाणीघराच्या दाराशी एक पाठमोरी, रुसून बसल्यासारखी. रात्री झोप येईना म्हणून मी मोजल्या. भरल्या २३. घरात माणसं २. माणशी साडेअकरा खुर्च्या, आणि बसायला जागा नाही.

"सोफ्यावर टेक गं आई," ताई आतून ओरडली. "तेवढाच आपला आहे."

भाऊजी मूळचे साताऱ्याचे. पेशाने पवनचक्क्यांचे इंजिनियर. चाळकेवाडीच्या पठारावर उमेदवारी केली आणि तिथला वारा पुरेना म्हणून डेन्मार्कचा खायला गेले. लग्नात पाहिले होते तेव्हा चांगला धडधाकट माणूस होता. क्रिकेट बघायचा, मिसळीवर वाद घालायचा, सांगाल तिथे बसायचा. दुखणं जडलं ते तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात. कोपनहेगनमध्ये घरातलं अवजड सामान टाकायचं झालं की इमारतीच्या अंगणात ठरलेल्या जागी नेऊन ठेवतात. त्याला 'स्टोरस्क्राल्ड' म्हणतात. शब्दशः मोठा कचरा. एका संध्याकाळी भाऊजी ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले आणि मोठा कचरा घेऊन वर आले. एक पाय मोडलेली खुर्ची. सागवानी.

"कचऱ्यात सागवान!" ते अजूनही हे कळवळून सांगतात. साताऱ्यात सागाची एक फळी घरात असली तरी तिच्यावरून दोन भावांचं बोलणं बंद होतं. ती खुर्ची उताणी पडलेली होती, आणि तिच्या पोटाला जुन्या रुपयाएवढी एक गोल चकती ठोकलेली होती : डॅनिश फर्निचर कारखान्यांच्या गुणवत्ता-नियंत्रणाचा शिक्का. खुर्चीला कुळ असतं, गोत्र असतं, कुणीतरी तिची जबाबदारी घेऊन सही केलेली असते, हे भाऊजींना त्या दिवशी समजलं. तेव्हापासून ते जगाकडे खालून बघतात.

हे अलंकारिक नाही. आम्हाला एका उपाहारगृहात घेऊन गेले. बसण्याआधी त्यांनी चमचा पाडला. उचलायला वाकले ते मिनिटभर वर आलेच नाहीत. वेटरने तत्परतेने दुसरा चमचा आणून ठेवला. भाऊजींनी तोही पाडला. दुसऱ्या खेपेला खालून आवाज आला, "फ्रिट्झ हान्सन. पण अलीकडचा." ताई मेन्यूकार्डातून डोकं न काढता म्हणाली, "सूप मागवू नका हं कुणी. यांना अजून दोन टेबलं बघायचीत."

घरी पाहुणे आले की खुर्च्या दाखवायचा कार्यक्रम असतो, आणि तो थेट कांदेपोह्यांच्या वळणावर जातो. पाहुणे सोफ्यावर ओळीने, अवघडून. भाऊजी एकेक खुर्ची दोन्ही हातांनी अलगद पुढे आणतात. समोरून दाखवतात, बाजूने दाखवतात, पाठ दाखवतात. मग ती उताणी करून जे दाखवतात, ते आपल्याकडच्या कुठल्याच दाखवण्याच्या कार्यक्रमात बसणार नाही. शेवटी गोत्र. "हान्स वेग्नर. १९४९." हे नाव ते असं घेतात, की वेग्नर म्हणजे त्यांच्या वाईच्या मावशीचे थोरले. "या गृहस्थाने आयुष्यात पाचशेच्या वर खुर्च्या केल्या. मुळात सुतार. टोंडर गावचा. वडील चांभारकाम करायचे." पुढे त्या पाठीच्या कण्यासारख्या वाय आकारावरून हात फिरवत : "आणि या बैठकीला १२० मीटर दोरी लागते. कागदाची!"

"कागदाची?" आईने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कागदावर बसवतात माणसाला?"

भाऊजी सुखावले. प्रश्न आल्याशिवाय त्यांची गाडी चढाला लागत नाही. युद्धाच्या काळात समुद्रगवताची दोरी मिळेना, म्हणून डॅनिश लोकांनी कागदाला पीळ घालून दोरी वळली. युद्ध संपलं, दोरी राहिली. आईने बैठकीवर बोट दाबून बघितलं. "आमच्या बाजेच्या सुंभासारखीच की. पीळ चांगला आहे." सुंभ आणि पीळ एका वाक्यात ऐकून ताईने भाऊजींकडे असं काही पाहिलं, की पुढची म्हण कुणाला म्हणावी लागली नाही.

भाषेनेही घोटाळा केलाच. डॅनिशमध्ये खुर्चीला 'स्टोल' म्हणतात. भाऊजी फोनवर कुणा विक्रेत्याशी "स्टोल, स्टोल" करत होते आणि आकडा हजारांतला होता. फोन ठेवल्यावर आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्या पैशात जावईबापू स्टूल घेतायत? पाठसुद्धा नाही?"

जातपात भाऊजी मानत नाहीत. खुर्च्यांची मात्र अगदी पोटजातीपर्यंत मानतात. मी एकदा सहज आल्वार आल्टोचं नाव काढलं, तेवढीच एक माहिती गाठीला होती म्हणून. भाऊजींचा चेहरा स्थळ नाकारणाऱ्या वडीलधाऱ्यांसारखा झाला. "माणूस थोरच. पण फिनलंडचा. म्हणजे नॉर्डिक. स्कँडिनेव्हियन नव्हे." घराणं चांगलं आहे हो, पण आपल्यातलं नाही. स्वीडनचं चालतं, पण पंगतीच्या टोकाला. नवी प्रत, मग ती मूळ कारखान्याने मूळ नकाशावरून बनवलेली का असेना, त्यांच्या लेखी दत्तक. आणि नक्कल? नकलेचं नाव घरात घेत नाहीत. तिचा उल्लेख 'तसली' असा होतो.

सगळ्यात रंगते ती केनेडीची कथा. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवरची पहिली वादसभा झाली, तेव्हा बसायला वेग्नरच्या गोल पाठीच्या खुर्च्या होत्या. अमेरिकन लोक त्या खुर्चीला नुसतंच 'द चेअर' म्हणायला लागले. इतर खुर्च्यांना जणू नाव सांगायची सोयच राहिली नाही. "केनेडीची पाठ कायमची दुखरी," भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले. "पण त्या रात्री बघा. ताठ, शांत, प्रसन्न. पुढे निवडून आला."

"आपल्याकडे निवडून आल्यावर खुर्ची मिळते," आई म्हणाली. "यांच्याकडे आधी देतात वाटतं."

"पण भाऊजी," मी म्हटलं, "निक्सनलाही तीच खुर्ची होती ना? मग तो कसा पडला?"

भाऊजींना हा प्रश्न आजवर बहुधा अनेकांनी विचारला असावा. "त्याला बसता येत नव्हतं," ते थंडपणे म्हणाले. मग प्रामाणिकपणाला स्मरून पुस्ती जोडली, "गुडघा दुखत होता त्याचा. नुकताच दवाखान्यातून आला होता."

आईने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग खुर्ची काय करील बिचारी," ती म्हणाली. त्या घरात निक्सनची बाजू घेतली गेली ती तेव्हाच.

मला स्वतःला मान मिळाला तो आर्ने याकोबसेनच्या 'मुंगी'वर बसायचा. १९५२ सालची खुर्ची, एका औषध कंपनीच्या उपाहारगृहासाठी केलेली; पातळ वाकवलेलं लाकूड आणि पाय तीन. चौथा पाय लावा म्हणून लोक मागे लागले, पण याकोबसेन हयात असेपर्यंत बधला नाही. "तीन तिचे आणि दोन तुझे, मिळून पाच," भाऊजींनी हिशेब सांगितला. हिशेब बिनचूक होता. फक्त घसरलेला मोबाइल उचलायला मी कडेला वाकलो, तेव्हा माझे दोन हिशेबातून वजा झाले. मी जमिनीवर, मुंगी माझ्यावर. भाऊजी स्वयंपाकघरातून धावत आले. गुडघे टेकून बसले. हळुवार हाताने कडा चाचपल्या. "काही नाही, काही नाही," ते पुटपुटले, "टवका गेला नाही कुठे." मी कोपर चोळत उठलो. कोपर माझं होतं, त्याला ठप्पा नव्हता.

या माणसाला खुर्चीवर कुणी बसलेलं का खपत नाही, हे मी एकदा धीर करून विचारलंच. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अरे, माणूस बसला की खुर्ची दिसते कुठे?"

यावर उत्तर नाही. चित्रासमोर उभा राहणारा आणि खुर्चीवर बसणारा यांच्यात भाऊजींना काडीचाही फरक दिसत नाही. दोघंही मधे येतात.

खुर्च्या मिळवायचा त्यांचा उद्योग ऐकून अंगावर काटा येतो. जुन्या वस्तूंची दुकानं, लिलाव, फोनवरच्या जाहिराती हे झालं वरवरचं. खरा माल 'डोड्सबो'मध्ये निघतो. म्हणजे कुणी वृद्ध वारले की त्यांच्या घरातलं जे सामान विकायला काढतात ते. पन्नास-साठच्या दशकात ज्यांनी संसार मांडले, ती पिढी आता आवरती घेते आहे. त्यामुळे भाऊजींची वृद्धांशी वागणूक अतिशय आदराची आहे. इमारतीतल्या एका आजीबाईंच्या पिशव्या ते रोज वर नेऊन देतात. जिने चढताना पहिला प्रश्न, "प्रकृती कशी आहे?" आजीबाई म्हणतात, "उत्तम!" भाऊजी म्हणतात, "छान छान." त्या 'छान'चा सूर ताई मला मागाहून करून दाखवते. आजीबाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा आहेत. सहाही मूळ बैठकीच्या.

मिळालेली खुर्ची घरी येते ती पुढे लाकडी खोका असलेल्या तीनचाकी सायकलवरून. तिकडे त्या खोक्यात मुलं बसवून आयाबाया शाळेत सोडायला जातात. भाऊजींच्या खोक्यात खुर्ची असते, तिच्या अंगावर ताईची जुनी शाल असते, आणि पाऊस आला तर ताईचा रेनकोटही असतो. ताई मागून चालत येते.

घरी आल्यावर न्हाऊमाखू घालणं. सागवानी खुर्चीला तेल, ओक आणि बीच लाकडाला साबण. ही खास तिकडची रीत : शुद्ध साबणाचे पापुद्रे कोमट पाण्यात विरघळवायचे, फडक्याने हलक्या हाताने पुसायचं, वाळू द्यायचं, बारीक कागदाने घासायचं, पुन्हा साबण. लाकूड दुधाच्या सायीसारखं दिसायला लागतं. ताईची तक्रार एवढीच, की दिवाळीच्या पहाटे भाऊजी चारला उठले, तेल काढलं, कोमट पाणी काढलं, तिला वाटलं नवऱ्याला घरची आठवण झाली. आणि बघते तर दिवाणखान्यात खुर्च्यांचं अभ्यंगस्नान चाललेलं. उटणं तेवढं राहिलं होतं.

एका रविवारी आम्हाला ब्रेडगेडवरच्या डिझाइन संग्रहालयात नेलं. अठराव्या शतकातल्या जुन्या इस्पितळाची इमारत. आत खुर्च्यांचा एक बोगदाच आहे. दोन्ही बाजूंना कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात एक खुर्ची, वरून मंद उजेड. शंभराहून अधिक. भाऊजींचा आवाज आपोआप गाभाऱ्यातला झाला. हा कोरे क्लिंट, सगळ्यांचा गुरू. १९२४ साली अकादमीत फर्निचरची शाळा याने सुरू केली. त्याची ती कातडी पट्ट्यांची सफारी खुर्ची बघा, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या सुट्या होणाऱ्या खुर्चीवरून घेतलेली. आणि त्या खुर्चीचं नाव काय? रुरकी! आपलं रुरकी! हा फिन यूल. याची ती रुंद कातडी खुर्ची १९४९ च्या प्रदर्शनात ठेवली होती, तिच्यावर राजा फ्रेडरिक जाऊन बसला. 'राजाची खुर्ची' म्हणू या का, असं वार्ताहराने विचारलं, तर यूलने बेताने 'सरदाराची' म्हटलं.

"राजा बसला?" आईने विचारलं. "प्रदर्शनात? आणि कुणी काही बोललं नाही?"

भाऊजी जरा वेळ गप्प झाले. आईचे गुडघे एव्हाना बोलायला लागले होते. शंभर खुर्च्यांच्या त्या बोगद्यात ती टेकायला जागा शोधत शेवटपर्यंत चालत गेली. परतीच्या वाटेवर तिला आवडलेली एकच खुर्ची निघाली, तीही भाऊजींच्या फोनवरच्या फोटोतली : वेग्नरची १९५३ सालची, जिची पाठ म्हणजे कोट अडकवायचा हँगर आणि बैठक उचलली की विजार टांगायची सोय. आपल्या घरात प्रत्येक खुर्ची आज ना उद्या कपड्यांचीच होते. "हा माणूस संसारी दिसतो," आई म्हणाली.

त्या रात्री भांडी पुसताना ताईने मला एक गोष्ट सांगितली. साताऱ्याच्या घरात खुर्ची एकच होती. हात असलेली, वेताची, वडिलांची. वडील नसताना ती रिकामी असायची. डॉक्टर आले, विम्याचे साहेब आले, तर त्यांना मिळायची. मुलांनी तिच्यावर बसायचं नाही. एकदा आठ वर्षांचे भाऊजी बसले होते. वडिलांनी रागावून नव्हे, नुसतं दारात उभं राहून पाहिलं होतं. "मला वाटतं," ताई ताट पुसत म्हणाली, "हे अजून उठतायत त्या खुर्चीवरून."

मला निघायला दोन दिवस होते आणि आईला तीन महिने राहायचं होतं. व्हिसा नव्वद दिवसांचा. सोफा तिच्या गुडघ्यांना खोल पडत होता. सकाळी मेथी निवडायला ती जागा शोधत फिरली आणि खिडकीपाशी थांबली. साधीशी खुर्ची. बीच लाकडाची, हात नसलेली, सरळ पाठीची, कागदी दोरीची रुंद बैठक.

"ही कुणाची हो?"

"बोर्गे मोगेन्सन. १९४७," भाऊजी वर्तमानपत्रामागून म्हणाले. "सहकारी संस्थेसाठी केली. युद्धानंतर लोकांकडे पैसा नव्हता, घरं लहान, तर स्वस्त आणि टिकाऊ खुर्ची हवी होती. हिला लोकांची खुर्ची म्हणतात. अगदी सामान्य माणसासाठी."

"मी आहेच की," आई म्हणाली, आणि बसली.

नुसती बसली नाही. एक पाय वर घेतला, दुसरा वर घेतला, पदर सारखा केला आणि पक्की मांडी घातली. मांडीत परात घेतली. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. भाऊजींचा चेहरा मी विसरणार नाही. पण सासू ती सासू, आणि जावई ओरडला असं आजवर आमच्या दोन्ही घराण्यांत घडलेलं नव्हतं.

ताईने संधी साधली. "अहो, तुमचे वेग्नरच म्हणायचे ना, माणूस बसला की मगच खुर्ची पुरी होते म्हणून?"

"ते वेग्नर," भाऊजी क्षीण आवाजात म्हणाले. "ही मोगेन्सनची आहे."

"हात नाहीत ते बरं केलं यांनी," आई मेथीची जुडी सोडत म्हणाली. "गुडघे मावतात."

भाऊजींची एक खतावणी आहे. लाल कापडी बांधणीची, साताऱ्याहून मागवलेली. प्रत्येक खुर्चीला एक पान. रकाने : कर्ता, साल, लाकूड, ठप्पा, दोष, पूर्वीचे मालक. शेवटच्या दोन रकान्यांत त्यांचा जीव असतो. एक नोंद मी वाचली होती : पूर्वीचे मालक, ओडेन्सचे एक दंतवैद्य, खुर्ची प्रतीक्षालयातली; दोष, उजवा हात डाव्यापेक्षा अधिक झिजलेला, दाढदुखीचे लोक घट्ट धरत असावेत.

आई सप्टेंबरात परत आली. त्यानंतर आठवड्याने ताईने मला फोटो पाठवला. मोगेन्सनचं पान. दोषाच्या रकान्यात भाऊजींच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : "बैठक मध्यभागी बोटभर खचलेली. कारण, मांडी. जून ते ऑगस्ट." आणि ते सगळं एका रेघेने खोडलेलं होतं. खाली, पूर्वीच्या मालकांच्या रकान्यात, फ्रेडरिक्सबर्गच्या एका शाळामास्तरांच्या नोंदीखाली आणि स्वतःच्या नावाच्या वर, जागा नव्हती तिथे बारीक अक्षरात कोंबून लिहिलं होतं : "सासूबाई."

ताईने खाली एक ओळ टाकली होती. दोरी नवीन विणून देणारा माणूस दारापर्यंत आला होता. भाऊजींनी त्याला म्हटलं, "या." मग जरा थांबून, "नको. राहू दे."